सातव्या ओळीतला क्रम

मी चिडकी आहे. वर्गात मुलांचं गणित चुकलं की मला राग येत नाही. चुकल्यावर ती "जवळजवळ बरोबर आहे ना, मॅडम" म्हणाली की येतो. गणितात जवळजवळ असं काही नसतं, हे मी सरांकडून शिकले आणि वीस वर्षं मुलांच्या डोक्यावर आदळत राहिले. आता ते वाक्य तोंडात येतं तेव्हा मी गप्प बसते. का, ते लिहायला बसले आहे. हे लिखाण तपासायला सर नाहीत, त्यामुळे चुका असतील तर त्या माझ्याच.

सर म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. कल्याणच्या ज्या कॉलेजात मी शिकवायला लागले तिथेच ते विभागप्रमुख होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "आता मीटिंगा नाहीत, पेपर तपासणं नाही. येत्या रविवारपासून गणित करू." मला वाटलं, चार-दोन महिने चालेल. ते अकरा वर्षं चाललं.

सरांचं घर डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी ठाण्याची, आधी कोपरीत राहायचे, नंतर घोडबंदर रोडच्या एका उंच टॉवरमध्ये गेले. दर रविवारी गाडी काढायची, माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा करत कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रेलरांच्या शेपटीला लागायचं आणि नऊच्या ठोक्याला सरांची बेल वाजवायची. नवरा म्हणायचा, "बायका सोमवारी देवळात जातात, माझी रविवारी डोंबिवलीला जाते." मी म्हणायचे, देवळात उत्तर मिळत नाही.

आम्ही करत काय होतो, ते सांगायला हवं. घाबरू नका, एक गोल जिना डोळ्यांसमोर आणला की पुरे.

शाळेत शिकवतात की तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन एकच. पुस्तकात त्याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक गोष्टींना क्रम असतो. आधी मोजे, मग बूट. आधी फोडणी, मग पोहे. अशा क्रम मानणाऱ्या हालचालींचे जे समुदाय असतात, त्यांच्यापैकी काहींना गणितात ग्रुप म्हणतात. सरांचा ग्रुप जिन्यासारखा होता. गोल जिन्यावर एक फेरी पूर्ण केली की वरून पाहणाऱ्याला माणूस होता तिथेच दिसतो, पण असतो एक मजला वर. उलट्या दिशेने फेरी मारली तर एक मजला खाली. म्हणजे आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला गेलात, किंवा आधी उत्तरेला आणि मग पूर्वेला गेलात, तर नकाशावर पोचाल एकाच ठिकाणी, पण एक वाट थोडी चढलेली असेल आणि दुसरी तितकीच उतरलेली.

आता सरासरी. एका जागी उभं राहायचं आणि चहूबाजूंना ठरावीक अंतरावर जे काही आहे त्याची सरासरी काढायची. मग त्या सरासरीची, दुसऱ्या अंतरावरून, पुन्हा सरासरी. आधी जवळची आणि मग लांबची काढली, किंवा आधी लांबची आणि मग जवळची काढली, तर उत्तर एकच येईल का? पावलांना क्रम आहे, तेव्हा सरासऱ्यांनाही असणार, असं कुणालाही वाटेल. सरांचं म्हणणं, नाही. प्रत्येक वाटेला आरशातली एक जोडीदार वाट असते. ती त्याच जागी पोचते, आणि पहिली जितकी चढते तितकीच ही उतरते. क्रम उलटा केला की चढाचा उतार होतो. आरसा धरला की त्या उताराचा पुन्हा चढ होतो. सगळ्या वाटा एकत्र धरल्या की क्रमामुळे पडलेला फरक उरतच नाही.

साध्या ग्रुपमध्ये ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत होती. आमच्या ग्रुपमध्ये एकाऐवजी तीन जिने एकदम चढायचे असत, आणि भोवतालचं वर्तुळही चांगलंच वेडंवाकडं होतं. तिथे आरसा धरायचा कुठे, हेच कुणाला सुचत नव्हतं. सरांना ते चौथ्या वर्षी सुचलं. त्या रविवारी ते मला म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण आपल्याला लागला बघ." सोळाव्या पानावर त्याची सिद्धता होती आणि पुढची चाळीस पानं तिच्या खांद्यावर उभी होती. कारण सरासऱ्या क्रम मानत नसतील, तरच त्या सगळ्यांना त्याच त्या सुरांमध्ये सोडवता येतं, गुंतागुंतीचा आवाज शुद्ध सुरांत सोडवावा तसं. या सोडवण्याच्या शास्त्राला हार्मोनिक अॅनालिसिस म्हणतात. आमचं अकरा वर्षांचं काम एका वाक्यात इतकंच.

सरांची काम करायची एक पद्धत होती. कच्चं काम शाळेतल्या दगडी पाटीवर करायचं, कारण खडूच्या धुळीने त्यांना खोकला यायचा. पक्कं झालं की कागदावर, आणि कागदाच्या डोक्यावर "श्री". मग मुख्य नियम: ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. "लिहिणाऱ्याला लिहिलेलं दिसतच नाही," ते म्हणायचे, "त्याला आपल्या मनातलं दिसतं." त्यांनी लिहिलेलं पान मी तपासायचं, मी लिहिलेलं त्यांनी. ओळ न् ओळ पटली की पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीने "पाहिले" असं लिहून सही करायची, कचेरीतल्या फायलीवर करतात तशी. आणि "पाहिले" झालेलं पान पुन्हा उघडायचं नाही. नाहीतर माणूस जन्मभर पहिल्याच पानावर बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला सुरुवातीला हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पण या पद्धतीने अकरा वर्षांत आम्ही एकमेकांच्या चाळीसएक चुका पकडल्या, आणि एकदाही आमच्यात मानापमान झाला नाही.

दहा वाजता सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दडपे पोहे आणायच्या. बशी पाटीच्या शेजारी ठेवून त्या मुद्दाम विचारायच्या, "काय, पोचली का तुमची वाट कुठे?" सर म्हणायचे, "पोचतेय." काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "माझ्या लग्नापासून पोचतेय हो." मी हसायचे. त्या हसण्यात त्यांचंही काही असेल, असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पोहे मात्र मी दोनदा घ्यायचे.

दहाव्या वर्षी सरांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस सुरू झालं. सकाळी सहाला जायचं, अकराला परत. त्या दिवशी दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि पेपरातली बातमी दोनदा वाचून तिसऱ्यांदा काकूंना विचारायचे. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा ताजा. त्यामुळे रविवार आमचा राहिला. फक्त आता घाई होती. दोघंही ते बोलत नव्हतो, पण पानं भराभर संपत होती. छप्पन्न पानं पूर्ण झाली तेव्हा सरांनी देवासमोर साखर ठेवली आणि मी पेपर एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. सर म्हणाले, "छापून आलेला बघितला की मी मोकळा." मी म्हटलं, "असलं बोलायचं नाही." ते म्हणाले, "अगं, मोकळा म्हणजे काकूंना घेऊन फिरायला मोकळा." एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्यासमोर कधी बोलून दाखवली.

पेपर तिकडे परीक्षकांकडे होता, तेवढ्यात मला एका व्याख्यानासाठी उदाहरण हवं होतं. सोळाव्या पानावरचा आरसा मी नुसत्या अक्षरांत न ठेवता आकडे घालून करून दाखवणार होते. एक वाट घेतली, तिची आरशातली वाट घेतली, तीन जिन्यांचे तीन चढ काढले. दोन जिन्यांवर सगळं ठरल्यासारखं झालं. पहिली वाट चढत होती, दुसरी उतरत होती. तिसऱ्या जिन्यावर दोन्ही वाटा चढल्या.

मी पुन्हा केलं. पुन्हा दोन्ही चढल्या. दोन्ही वाटा चढत असतील तर फरक मिटत नाही. मिटत नाही, तर सोळावं पान गेलं, आणि पुढची चाळीस पानंही.

इथे खरं सांगते. मला धक्का बसला, हे झालंच. पण त्याच्याखाली कुठेतरी मला आनंद झाला. सरांच्या मुख्य पानावर मी लाल पेन्सिलीने "पाहिले" लिहिलं होतं आणि तेव्हा जे मला दिसलं नव्हतं ते आता दिसलं होतं. मी सरांची चूक पकडली होती. पंचावन्न वर्षांच्या बाईला असा आनंद व्हावा याची मला लाज वाटते, पण झाला होता, आणि तो झाला म्हणूनच मला रविवारपर्यंत धीर धरवला नाही. हा सोमवार होता. मी मंगळवारी दुपारी डोंबिवलीला गेले.

काकूंनी दार उघडलं. "आज कशी गं? आज त्यांचा डायलिसिसचा दिवस."

"महत्त्वाचं आहे, काकू. दहाच मिनिटं."

"झोपलेत."

"उठवा ना."

त्यांनी उठवलं. हे मी विसरलेले नाही. मी उठवा म्हटलं आणि त्यांनी उठवलं. सर उशीला टेकून बसले. हाताला फिस्चुलाच्या जागी, डायलिसिसच्या सुया टोचतात तिथे, पट्टी होती. मी पान पुढे केलं आणि, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "सर, सोळाव्या पानात चूक आहे."

त्यांनी चष्मा मागितला. पान हातात धरलं, हात थरथरायला लागला म्हणून मांडीवर ठेवलं. एकेक ओळीखाली बोट ठेवत ते वाचत होते. मधूनच डोळे मिटायचे, मग पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायचे. तासभर लागला असेल. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. मला दिसत होतं की या माणसाला आज बातमीसुद्धा एकदा वाचून कळत नाही. मला दिसत होतं, आणि तरी मी म्हटलं नाही की राहू द्या सर, रविवारी बघू.

शेवटी त्यांनी लाल पेन्सिल मागितली. पानाच्या तळाशी "पाहिले" लिहिलं. सही खाली घसरली.

"मग सगळंच गेलं," ते म्हणाले.

"दुरुस्त होईल, सर."

"बघू," म्हणाले आणि आडवे झाले.

पुढचे तीन रविवार त्यांनी दुसरा आरसा शोधला. पाटी पुसायची, लिहायचं, पुसायची. माझं पान "पाहिले" झालेलं होतं, त्यामुळे ते काही पुन्हा उघडलं गेलं नाही; दोघांनी ते पायाचा दगड मानलं आणि त्याच्यावर काहीच उभं राहीना. चौथ्या रविवारी त्यांनी पाटी घेतलीच नाही. मला म्हणाले, "नियतकालिकाला पत्र लिही. सिद्धतेत मूलभूत दोष आढळल्याने पेपर मागे घेत आहोत. दोष माझा आहे, असं लिही." मी म्हटलं, "आपला लिहिते." ते म्हणाले, "सोळावं पान माझं आहे." मी त्यांच्यासमोर बसून ते पत्र लिहिलं आणि पाठवलं.

निघताना ते म्हणाले, "आता रविवारची येत जाऊ नकोस. तुलाही घरदार आहे. मी तुझे फार रविवार घेतले." मी चपला घालत होते. मी नुसती मान हलवली.

तरी मी मध्ये दोनदा गेले. गणिताचा विषय निघाला नाही. त्यांनी गावाकडच्या आंब्यांचं विचारलं, माझ्या मुलीच्या नोकरीचं विचारलं. खोलीत पाटी नव्हती. काकूंनी ती पलंगाखाली सरकवली होती की त्यांनीच सांगितलं होतं, कोण जाणे. गणपतीच्या आठ दिवस आधी, एका शनिवारी डायलिसिस चालू असतानाच, सर गेले. मी बाराव्याला गेले, ताटावर बसले, घरी आले. रविवारी सकाळी साडेसातला उगाचच जाग यायची आणि मी पडून राहायचे. मला खूप रडू यायचं, पण त्यात थोडी समजूत होती. वाटायचं, निदान मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. त्यांनीच शिकवलं होतं, जवळजवळ बरोबर असं काही नसतं.

वर्ष होऊन गेलं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी एक गोष्ट नेहमी शिकवते, की सुंदर दिसणारं विधान खरं असेलच असं नाही. त्यासाठी मी तेच उदाहरण वापरायला लागले. सरांचं नाव न घेता सांगायचे, की आरशाची कल्पना बघा किती छान आहे, आणि बघा कशी फसते. त्या दिवशी फळ्यावर आकडे मांडत होते. समोरच्या बाकावर कल्याणजवळच्या मोहन्याहून येणारी एक मुलगी बसायची. वडील तिथल्या कारखान्यात होते, कारखाना बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी करायचे. ही दिवसा शिकायची आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायची. फळ्यावरचं नुसतं उतरवून घेणं तिला जमत नसे. ती सोबत स्वतः करून बघायची.

"मॅडम, सातव्या ओळीत माझं मायनस येतंय."

"तुझी आकडेमोड बघ," मी म्हटलं.

"बघितली, मॅडम. दोनदा केली. सेमच येतंय."

मला राग आला. मी म्हटलं, "हे उदाहरण तपासलेलं आहे. माझ्यापेक्षा मोठ्या माणसाने तपासलेलं आहे. खाली बस."

ती बसली. वर्ग हसला. पण ती वही घेऊन तशीच बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "पण मॅडम, दुसरं पाऊल आधी का घेतलंय?"

मी फळ्याकडे वळले. आरशातल्या वाटेची दोन पावलं होती, आधी छोटं आणि मग मोठं. सातव्या ओळीत, तिसऱ्या जिन्याचा चढ काढताना, मी मोठं आधी घेतलं होतं आणि छोटं नंतर. क्रम उलटला होता. आणि या ग्रुपमध्ये क्रम उलटला की चढाचा उतार होतो, उताराचा चढ होतो. मी आयुष्यभर याच्याशिवाय दुसरं काही शिकवलेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हात आपोआप चालला होता, शाळेतल्या पोरासारखा, तीन पाचा काय आणि पाच त्रिक काय. सोमवारी दोनदा केलं तेव्हा दोनदा तसाच चालला, आणि त्यानंतर मी ते नुसतं पाठ म्हणत आले होते.

मी त्या मुलीला म्हटलं, "तुझं बरोबर आहे." उरलेला तास मी सुटी दिली.

स्टाफरूममध्ये कपाटातून जुनं पान काढलं. सातवी ओळ तशीच होती. खाली थरथरतं "पाहिले". सरांचं बोट त्या ओळीवरून किती वेळा गेलं असेल ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना ती दिसली नाही, कारण रक्त धुऊन आलेला माणूस होता तो, आणि शिवाय माझ्यावर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. चूक माझी होती. ती चूक म्हणून मान्य करून घ्यायला मी त्यांना झोपेतून उठवलं होतं. तीन रविवार ते जे दुरुस्त करायला झटत होते, ते मोडलेलंच नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला.

मग मी नियमाने वागले. सोळावं पान त्या मुलीकडून तपासून घेतलं, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. दोघांना काय चाललंय ते सांगितलं नाही. दोन महिने लागले. आरसा पहिल्यापासून होता तिथेच होता, केसभरही हललेला नव्हता. पेपर पुन्हा पाठवला, सरांचं नाव पहिलं. स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा मला ते उघडून वाचवेना. नवऱ्याने वाचून दाखवलं.

मग काकूंकडे जायचं होतं.

आता मोठागावचा पूल झालाय. ठाण्याहून निघालं की खाडी ओलांडून अर्ध्या तासात डोंबिवली. सर असते तर म्हणाले असते, अकरा वर्षं मुंब्र्याला वळसा घातलास आणि आता पूल झाला. मला मात्र त्या दिवशी तो जुना वळसा हवा होता. वाटेत वाक्यं जुळवायची होती, आणि पहिलं वाक्य जुळायच्या आत मी त्यांच्या इमारतीखाली होते. तीन मजले चढून गेले.

काकू जेवणघरात खाली बसून डाळिंब्या सोलत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला. मीही खाली बसले, परातीतले चार वाल उचलले आणि सोलायला लागले. मग सगळं सांगितलं. पान, सातवी ओळ, ती मुलगी, पत्र. गणित कमी आणि बाकीचं जास्त. काकूंचे हात चालू होते.

"म्हणजे ते बरोबर होते?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू. पहिल्यापासून."

"आणि चुकलं म्हणून तू सांगितलंस."

"हो."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावल्या तर बरं होईल, मला माझं वाक्य बोलता येईल.

"त्यांनी माझी माफी मागितली होती," काकू म्हणाल्या. "जायच्या आधी आठवडाभर. मी पाय चेपत होते, तर माझा हात धरून म्हणाले, मी एका चुकीच्या गोष्टीपायी तुझा जन्म घालवला. तुला कुठे नेलं नाही, लेकीकडे चार दिवस राहिलो नाही, तू बोलायला आलीस की पाटीत डोकं. खरं निघालं असतं तर निदान तोंड होतं म्हणाले, आता कुठल्या तोंडाने सांगू. रडले गं. एवढ्या संसारात मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं."

मी परातीतला आणखी एक वाल उचलला.

"आणि मी त्यांना म्हटलं, जाऊ द्या आता. केलं माफ." काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. "मी माफ केलं म्हटल्यावर मान खाली घातली त्यांनी. शेवटपर्यंत माझ्याशी मान खाली घालूनच बोलले. कशाबद्दल केलं गं मी त्यांना माफ?"

मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले होते. ती मागायची माझी छाती झाली नाही. आम्ही दोघी उरलेल्या डाळिंब्या सोलत बसलो.